चढाईचा हातोडा : घरच्या लेथवर बारा नगांची एक खेप

सह्याद्रीच्या सुळक्यावर पिटॉन (कपारीत ठोकायची पोलादी मेख) ठोकायला किंवा हाताने बोल्टचं (कातळात बसवायच्या आधाराचं) छिद्र पाडायला जो हातोडा लागतो, त्याचं काम सुताराच्या किंवा गवंड्याच्या हातोड्याने भागत नाही. पट्ट्याला लटकवून दिवसभर वागवायचा, म्हणून तो हलका हवा. बेसाल्टमध्ये ड्रिल आत ढकलायची, म्हणून फार हलकाही चालत नाही. एका बाजूला ठोकायचं सपाट तोंड लागतं. दुसऱ्या बाजूला बोथट चोच लागते, कारण कपारीतली माती खरवडायची असते आणि बसलेला पिटॉन उचकटायचा असतो. डोक्यात कॅराबिनर (उघडझाप होणारी धातूची कडी) अडकवायचं छिद्र आणि दांड्याच्या शेवटी दोरीचं छिद्र, ही दोन्हीही हवीतच. बाहेरून मागवलेला हातोडा महाग पडतो आणि त्याचा दांडा तुटला की नवा मिळत नाही. ज्याच्याकडे साडेचार किंवा सहा फुटी लेथ, एक ड्रिल मशीन आणि मिलिंगची थोडीफार सोय आहे, त्याला हे काम घरी जमण्यासारखं आहे.

हा लेख एका हातोड्याबद्दल नाही. एक हातोडा कानस आणि धीर यांच्या जोरावर कोणीही करतो. मी लिहितोय ते बारा नगांच्या खेपेबद्दल, जी तुम्ही दुसऱ्यांच्या हातात देणार आहात. खाली दोरावर माणूस उभा असताना वर कोणीतरी तुमचा हातोडा चालवणार आहे. त्यामुळे बारावा नग पहिल्यासारखाच निघाला पाहिजे, आणि तो तसा निघाला हे तुम्हाला मोजून सांगता आलं पाहिजे. आकार शोभिवंत असणं यात दुय्यम आहे. पोलाद कोणतं, त्याला पाणी कसं दिलं (म्हणजे तापवून, विझवून कडक कसं केलं) आणि दांडा डोक्यात कसा बसला, या तीन गोष्टींवर सगळं ठरतं. म्हणून लेखातही त्यांनाच जास्त जागा दिली आहे.

बडोद्यात राहणाऱ्याला या कामासाठी गाव सोडावं लागत नाही. सयाजीरावांच्या काळात, १८९० साली, इथे कलाभवन सुरू झालं आणि हाताने काम करणाऱ्या माणसाला या शहरात तेव्हापासून मान आहे. आज मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) बार कापून देणारे, हीट ट्रीटमेंटवाले (पाणी देणारे), इंडक्शन हार्डनिंगवाले (विजेने हवा तेवढाच भाग तापवून कडक करणारे) आणि कडकपणा मोजून देणाऱ्या प्रयोगशाळा सगळं एका फेरीत सापडतं. दांडिया बाजारातून स्कूटरवर बारा डोकी पिशवीत घालून जाता येतं.

माप आधी कागदावर

मी ज्या मापाची शिफारस करतो ते असं. डोक्याची एकूण लांबी १२१ मिमी. त्यात ठोकायचं तोंड ३० मिमी व्यासाचं आणि २५ मिमी लांब. त्यामागे २६ मिमी व्यासाची मान, लांबी १० मिमी. मग दांड्याचा ठोकळा ३० बाय ३० मिमी, लांबी ३६ मिमी. शेवटी ५० मिमीची चोच. ती ठोकळ्याजवळ ३० मिमी उंच आणि २२ मिमी जाड, टोकाला १६ मिमी उंच आणि ६ मिमी जाड. ठोकळ्यातलं दांड्याचं भोक २५ बाय १५ मिमी, लांबट आणि गोल टोकांचं. चोचीतलं कॅराबिनरचं छिद्र १५ मिमी, ठोकळ्यापासून त्याचं केंद्र १२ मिमीवर.

पोलादाची घनता ७.८५ धरून हिशेब केला तर हे डोकं साधारण ४६० ग्रॅम भरतं. ३०० मिमीचा लाकडी दांडा शंभर-सव्वाशे ग्रॅमचा. एकूण ५८० ग्रॅमच्या आसपास. बोल्टिंगचं काम जास्त असेल तर तोंडाची लांबी ५ मिमीने वाढवा, साधारण २८ ग्रॅम वाढतील. त्यापुढे जाऊ नका. डोक्यावर हात उंचावून छिद्र पाडताना मनगट आधी थकतं आणि थकलेल्या मनगटाचा घाव तिरका पडतो.

कॅराबिनरच्या छिद्राची जागा मनाने बदलू नका. त्या ठिकाणी चोच साडेसव्वीस मिमी उंच आहे, म्हणजे छिद्राच्या वर आणि खाली जेमतेम पावणेसहा मिमी पोलाद उरतं. छिद्र टोकाकडे सरकवलं की ही भिंत पातळ होते. ठोकळ्याकडे सरकवलं की दांड्याच्या भोकाला भिडते.

पोलाद : बिल नको, टेस्ट सर्टिफिकेट हवं

ईएन १९ या प्रतीचं पोलाद घ्या. यात कार्बन साधारण ०.४ टक्के, जोडीला क्रोमियम आणि मॉलिब्डेनम. तेलात विझवलं तरी या जाडीला आतपर्यंत कडक होतं आणि नंतर टेम्पर केलं (कमी आचेवर पुन्हा तापवलं) की चिवटपणा परत येतो. ईएन ८ स्वस्त आहे, पण त्याला नीट कडक करायला बहुधा पाण्यात विझवावं लागतं, आणि भोकाच्या कोपऱ्यांशी पाण्यात तडा जाण्याची भीती जास्त. ईएन २४ उत्तम, पण या कामाला त्याची गरज नाही.

बार गोल ४० मिमीचा घ्या, अ‍ॅनील केलेला (तापवून मऊ केलेला). ३० मिमी चौकोनाचा कर्ण ४२.४ मिमी येतो, म्हणजे ठोकळ्याचे कोपरे किंचित गोल राहतील. हातोड्याला ते उलट बरंच आहे. एका नगाला १२५ मिमीचा तुकडा लागतो आणि त्याचं वजन सव्वा किलोच्या जवळ जातं. त्यातून ४६० ग्रॅमचं डोकं निघतं, बाकी सगळं चिप्समध्ये. खर्च काढताना पोलाद सव्वा किलोचं धरायचं, ४६० ग्रॅमचं नाही.

दुकानात नेहमी एकच वाक्य ऐकू येतं : “भाऊ, ईएन एकोणीसच आहे, बघा ना रंग मारलाय टोकाला.” रंगावर जाऊ नका. कापलेल्या तुकड्याला रंग राहत नाही आणि रॅकमध्ये तुकडे मिसळतात. मिलच्या टेस्ट सर्टिफिकेटची प्रत मागा, त्यावरचा हीट नंबर (पोलादाच्या एका ओतीचा क्रमांक) बारवरच्या शिक्क्याशी जुळवा. शिक्का नसेल तर एक चकती कापून प्रयोगशाळेत रासायनिक तपासणीला द्या. ईएन १९ समजून ईएन ८ तेलात विझवलं तर तोंड मऊ राहतं आणि ते पंधरा दिवसांच्या वापरात मशरूमसारखं पसरतं. पसरलेल्या कडेची कपची उडाली की समोर डोळा असतो. बाराच्या बारा तुकडे एकाच बारमधून कापा. खेपेत दोन बार मिसळले तर पुढच्या सगळ्या मोजमापांना अर्थ उरत नाही.

लेथचं काम

एका नगाचं सगळं काम संपवून दुसरा हातात घ्यायचा मोह टाळा. बारा नगांचं एक काम, मग बारा नगांचं दुसरं काम, असं चालायचं. टूल एकदा सेट झालं की माप हलत नाही आणि वेळ वाचतो तो इथेच.

दोन्ही टोकं फेस (सपाट) करा, दोन्हीकडे सेंटर (मधली खूण-छिद्र) मारा. तोंडाची बाजू चकबाहेर (लेथच्या पकडीबाहेर) ठेवून ३० मिमीला उतरवा. तोंडाच्या लांबीत अर्धा मिमी जास्त ठेवा, तो हीट ट्रीटमेंटनंतर ग्राइंड करायचा आहे. एचएसएस (हाय-स्पीड स्टील) टूल असेल तर या पोलादाला मिनिटाला २२ मीटरचा वेग ठीक बसतो, म्हणजे ४० मिमी व्यासाला साधारण १७५ आरपीएम. कार्बाइड असेल आणि मशीन थरथरत नसेल तर याच्या चौपट वेगाने जाता येतं.

मान उतरवताना सगळ्यात महत्त्वाचा तो कोपऱ्यातला गोलावा. मानेच्या दोन्ही टोकांना ५ मिमीचा रेडियस ठेवा, त्यासाठी टूल तसं घासून घ्या. पार्टिंग टूलने काटकोनी खाच मारली की दिसायला ती रेखीव दिसते, पण घावाचा सगळा ताण त्या कोपऱ्यात साठतो आणि तडा तिथूनच सुरू होतो. रेडियस झाल्यावर पॉलिश पेपर लांबीच्या दिशेने फिरवून टूलच्या रेघा काढून टाका.

तोंड अगदी सपाट ठेवू नका. मध्ये पाऊण मिमी फुगवटा द्या, म्हणजे घाव थोडा तिरका पडला तरी कड आधी लागत नाही. सभोवार २ मिमीचा ४५ अंशांचा चॅम्फर (तिरकी कापलेली कड) द्या. हा चॅम्फर दिखाऊ नाही, कपच्या उडू नयेत म्हणून आहे. पुढे कधीही तोंड घासलं तर चॅम्फर पुन्हा पहिल्याइतका करायचा.

हातमोजे घालून लेथवर उभं राहायचं नाही, बाही दुमडलेली हवी आणि चष्मा हवा. यावर जास्त लिहीत नाही. लेथ चालवणाऱ्याला हे माहीत असतं, फक्त घाईत विसरतं.

ठोकळा, भोक आणि चोच

ठोकळ्याच्या चार बाजू प्रत्येकी ५ मिमी उतरवायच्या. मिलिंग मशीन नसेल तर लेथच्या क्रॉस स्लाइडवर उभी स्लाइड बसवून होतं, वेळ लागतो इतकंच. बाजू तोंडाच्या अक्षाला समांतर आहेत का हे डायल लावून बघा.

भोकासाठी जिग (ड्रिल ठरल्या जागीच पडावी म्हणून साचा) करा. या सगळ्या कामात ज्या एका साधनावर अर्धा रविवार घालवणं परवडतं ते हेच. १६ मिमीची प्लेट घ्या, तिच्यात १२ मिमी आतल्या व्यासाचे कडक केलेले दोन बुश (ड्रिलला वाट दाखवणाऱ्या नळ्या, एकमेकींकडची बाजू घासून सपाट केलेल्या) बसवा, केंद्रांमध्ये अंतर १३ मिमी. खाली ठोकळा घट्ट बसेल असं घर आणि तोंडाकडे स्टॉपर. पहिलं छिद्र पाडलं की त्यात १२ मिमीची पिन खाली सोडा, जिग हलायची थांबते. मग दुसरं छिद्र. दोन्हींच्या मध्ये एक मिमीचा पडदा उरतो आणि एकूण लांबी नेमकी २५ येते. हा पडदा मुद्दाम ठेवायचा. छिद्रं एकमेकांत घुसली तर दुसरी ड्रिल पहिल्याकडे ओढली जाते आणि भोक वाकडं होतं. पडदा एंडमिलने किंवा छिन्नी-कानशीने काढून रुंदी १५ करा.

मग आतला आकार. भोक सरळ नळीसारखं ठेवायचं नाही. मध्यावर २५ बाय १५ राहू द्या, वरच्या तोंडाला कानशीने प्रत्येक बाजूला एक-सव्वा मिमी उघडा, खालच्या तोंडाला अर्धा मिमी. मध्ये आवळलेलं आणि दोन्हीकडे उमललेलं असं भोक झालं की पाचर मारल्यावर लाकूड वर फुगतं आणि कमरेतून खाली येऊ शकत नाही. दांडा धरून ठेवतो तो हा आकार. गोंद किंवा इपॉक्सी त्याची जागा घेऊ शकत नाही. भोकाच्या सगळ्या कडा मोडा. धारदार कड लाकडाचे तंतू कापते.

भोक तिरकं आहे का ते तपासायला त्यात घट्ट बसणारी ३०० मिमीची पट्टी घाला आणि गुण्या लावा. एक अंशाचा तिरकेपणा पट्टीच्या टोकाला ५ मिमी दिसतो. दोन मिमीपर्यंत चालवा, त्यापुढचा नग बाजूला काढा. तो तपासणीत तोडायला कामी येईल.

चोचीचा उतार बँडसॉने काढा आणि मिलिंगने किंवा कानशीने साफ करा. जाडीच्या बाजूने प्रत्येकी ९ अंश, उंचीच्या बाजूने प्रत्येकी ८ अंश. टोक धारदार करू नका, २ मिमीची गोलाई द्या. ही चोच बर्फाच्या कुऱ्हाडीची नाही, उचकटायची आहे. कॅराबिनरचं छिद्र पाडल्यावर त्याच्या दोन्ही कडा चांगल्या गोल करा, नाहीतर अ‍ॅल्युमिनियमच्या कॅराबिनरला चरे पडतात.

आता नंबर ठोका : खेप आणि नग, उदाहरणार्थ ३-०७. जागा ठोकळ्याची बाजू. मानेवर किंवा छिद्राजवळ शिक्का मारू नका, तिथे प्रत्येक अक्षर म्हणजे एक खाच. हार्डनिंगच्या आधीच मारा, नंतर मारला तर शिक्काच खराब होईल.

पाणी देणं

इथे घरचा भाता आणि डोळ्यांनी पाहिलेला रंग यावर खेप सोडू नका. एखादा स्वतःचा हातोडा तसा करता येतो. बारा नगांचं तापमान सारखं राहायला भट्टी आणि पायरोमीटर (भट्टीचा तापमापक) लागतो, आणि मकरपुऱ्यात हे काम किलोवर होतं. तुमचं काम आहे चिठ्ठी नीट लिहून देणं.

चिठ्ठीत दोन टप्पे लिहा. पहिला : पूर्ण डोकं ८६० अंश सेल्सिअसला, तेलात विझवणे, लगेच ५४० अंशांना दोन तास टेम्पर. कडकपणा ३४ ते ३८ एचआरसी (रॉकवेल यंत्रावर मोजलेल्या कडकपणाचा आकडा). दुसरा : फक्त तोंडाचे पुढचे १० ते १२ मिमी इंडक्शनने कडक करणे, मग पूर्ण डोकं ४२५ अंशांना टेम्पर. तोंडाचा कडकपणा ४४ ते ४७ एचआरसी.

हे असं का, ते हीट ट्रीटमेंटवाल्यालाही समजावून सांगा. सांगितलं तर तो लक्ष घालतो. ठोकळा आणि चोच पस्तीसच्या घरात राहिली की चिवट राहतात. पिटॉन उचकटताना जास्त जोर पडला तर चोच वाकेल, तुटून कोणाच्या अंगावर जाणार नाही. तोंड मात्र पिटॉनपेक्षा आणि ड्रिलच्या मागच्या टोकापेक्षा मऊ असून चालत नाही. दुसरं टेम्परिंग ४२५ ला आहे, पहिल्या ५४० च्या खाली, म्हणून त्याने बाकीच्या डोक्याचा कडकपणा बदलत नाही. हे दोन आकडे उलटे करून चालणार नाही. आणि “जरा अजून कडक करू या” म्हणून ३०० अंशांच्या आसपास टेम्पर करायला होकार देऊ नका. त्या पट्ट्यात हे पोलाद कडक राहतं, पण ठिसूळ होतं.

इंडक्शनची सीमा मानेच्या रेडियसवर येता कामा नये. कडक आणि मऊ यांची सीमा आणि आकाराचा कोपरा एकाच जागी आले तर दोन दुबळेपणा एकत्र येतात. तोंड २५ मिमी लांब ठेवलं आहे ते यासाठीच.

डोकी परत आली की प्रत्येकाचं तीन जागी रॉकवेल घ्या : तोंड, ठोकळ्याची बाजू, चोचीची बाजू. तोंडाचा अर्धा मिमी आधी ग्राइंड करा, कारण भट्टीत वरच्या थरातला कार्बन जळतो आणि तिथे खोटा, कमी आकडा येतो. ग्राइंड करताना निळा रंग चढू देऊ नका. मग तडा शोधायची लाल-पांढरी फवारणी मिळते ती आणा. लाल मारायचं, थांबायचं, पुसायचं, पांढरं मारायचं. मान आणि भोकाचे कोपरे उजेडात नीट बघा. पांढऱ्यावर केसासारखी लाल रेघ उमटली की तो नग संपला. त्याला वेल्डिंग करून वाचवायचं नाही.

गंजापासून रक्षणाला ब्लॅकनिंग (पोलाद रसायनाने काळं करणं) करा आणि तेल लावा. झिंक प्लेटिंग टाळा. प्लेटिंगच्या आम्लात कडक पोलाद हायड्रोजन शोषतं आणि काही काळाने, कोणताही घाव नसताना, तडकू शकतं.

दांडा

परदेशी हातोड्यांना हिकरीचं लाकूड असतं. आपल्याकडे धामण आहे. सह्याद्रीच्या पानगळी जंगलात वाढणारं हे लाकूड लवचीक आणि घाव पचवणारं म्हणून जुन्या लोकांना ठाऊक आहे, धनुष्यं त्याची होत. धावडा त्याहून टणक, बैलगाडीचे आस त्याचे करत, पण वाळताना तो फाटतो. धामण मिळाली तर धामण, नाहीतर नीट वाळलेला धावडा, तेही नसेल तर बाभूळ. शिसव दिसतं देखणं, पण या कामाला मी ते घेत नाही. झटका बसला की त्याचा भरवसा वाटत नाही.

लाकूड करवतीने चिरलेलं नको, पाचर मारून फाडलेलं हवं. फाडलं की फाट तंतूंच्या मागे जाते आणि तंतू दांड्याच्या बाहेर कुठे पळतात ते लगेच दिसतं. करवत हे लपवते. ३०० मिमी लांबीत तंतू दांड्याच्या कडेतून बाहेर निघत असतील तर तो तुकडा चुलीला.

बडोद्याची हवा इथे कामाला येते. मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो आणि हवा कोरडी असते. पावसाळ्यानंतर फाडलेले तुकडे हवेशीर जागी रचून ठेवा, टोकांना मेण लावा आणि दांडे बसवायचं काम उन्हाळ्यात काढा. कारण सरळ आहे. ओलसर लाकूड बसवलं तर डिसेंबरात हरिश्चंद्रगडाच्या कोरड्या वाऱ्यात ते आकसतं आणि डोकं डुगडुगायला लागतं. कोरडं बसवलं तर पावसात ते फुगून अजून आवळतं. किती वाळलं हे अंदाजाने ठरवू नका. त्याच लाकडाचा छोटा तुकडा वजन करून १०३ अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवा, वजन उतरायचं थांबेपर्यंत. जेवढं पाणी गेलं त्याला कोरड्या वजनाने भागा. १० टक्क्यांच्या खाली आलं की लाकूड तयार.

मुठीजवळ दांडा ३० बाय २१ मिमीचा लंबगोल, शेवटी थोडा फुगीर, म्हणजे घामेजल्या हातातून सुटत नाही. शेवटापासून २५ मिमीवर दोरीसाठी ९ मिमीचं छिद्र, दोन्ही कडा गोल. वरचं टोक भोकात कानशीने घासत घासत बसवा. भोकाच्या आत काजळी लावा, दांडा घाला, काढा, काळं लागलं तेवढंच घासा. हे काम कंटाळवाणं आहे आणि यात घाई केली की बाकी सगळी मेहनत वाया जाते. शेवटी सगळीकडे सारखं काळं लागलं पाहिजे.

वरच्या टोकाला लांबीच्या दिशेने २० मिमी खोल चीर घ्या. आता दांडा हातात उलटा, डोकं खाली, हवेत लटकतं धरा आणि दांड्याच्या शेवटावर लाकडी मोगरीने ठोका. डोकं जमिनीला टेकलेलं नको. त्याचं स्वतःचं वजन त्याला जागी थांबवतं आणि दांडा प्रत्येक ठोक्याला आत सरकतो. डोकं दांड्यावर चढत जाताना दिसतं, आणि आवाज भदभद असतो तो टणक होत जातो. आवाज बदलला की थांबा. मग बाभळीची पाचर, तिच्यावर तिरकी एक पोलादी पाचर. वर दोन मिमी लाकूड उरू द्या.

दांड्याला व्हार्निश नको, त्याने फोड येतात. उकळलेलं जवसाचं तेल दोनतीनदा पाजा. तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती वाळताना आपोआप तापतात आणि बडोद्याच्या उन्हाळ्यात पेट घेऊ शकतात. उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

तपासणी

नुसता घाव घालताना दांड्याच्या सांध्यावर येणारा ओढा फार नसतो. डोक्याचा वेग सेकंदाला ८ मीटर आणि फिरण्याची त्रिज्या अर्धा मीटर धरली तर तो ६० न्यूटनच्या आसपास येतो, सहा किलोचं वजन लटकवल्याएवढा. खरा ताण येतो तो चोचीने उचकटताना, आणि डोक्यातल्या छिद्राला वायर-रोपचा तुकडा लावून पिटॉन झटक्याने बाहेर ओढताना. तो नेमका मोजता येत नाही, म्हणून तपासणी सढळ ठेवायची. डोकं चौकटीत अडकवा, दांड्याला क्लॅम्प लावा, चेन ब्लॉक (साखळीची कप्पी) आणि लटकत्या काट्याने १०० किलोचा ओढा द्या, एक मिनिट धरा. आधी दांडा आणि डोकं यांच्या सांध्यावर बारीक रेघ मारून ठेवा. रेघ हलली तर दांडा काढून पुन्हा बसवा. प्रत्येक नगाची ही तपासणी करा.

खेपेतल्या दोन नगांवर ठोकण्याची तपासणी. खडीच्या खाणीतून बेसाल्टचा मोठा दगड आणा आणि हातड्रिलने छिद्रं पाडा, सलग पाचशे घाव. मग तोंड, कडा, मान पुन्हा लाल-पांढऱ्या फवारणीने बघा. हे काम अंगणातच करा. पावागड जवळ आहे, खडक चांगला आहे, म्हणून तिथे जाऊन मेखा ठोकायच्या नाहीत. चांपानेर-पावागड २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहे, आणि तसं नसतं तरी हातोडा तपासायला डोंगराला भोकं पाडणं बरं नव्हे. प्रस्तरारोहकांना हे फार आधी कळलं. इव्हॉन शुनार्ड या अमेरिकी प्रस्तरारोहकाने १९५७ मध्ये जुनी भट्टी घेऊन स्वतः पिटॉन घडवायला सुरुवात केली, आणि १९७२ मध्ये त्याच माणसाच्या कॅटलॉगने पिटॉन सोडून नट (न ठोकता कपारीत अडकवायचे धातूचे तुकडे) वापरा असं सांगितलं, कारण वारंवार ठोकून कपारी फुटत होत्या. तुमचा हातोडा घेणाऱ्यालाही हे सांगा : जिथे दुसरं काही बसत नाही तिथेच ठोका.

एक नग पूर्ण कापा. डोकं लांबीत चिरून तोंडापासून मानेपर्यंत दर दोन मिमीवर कडकपणा मोजून घ्या. आकडे कुठे उतरतात ते दिसलं की इंडक्शनची खोली बरोबर आहे का ते कळतं. बारातला एक नग असा गेला म्हणून वाईट वाटून घेऊ नका, उरलेले दहा-अकरा त्याच्या भरवशावर विकायचे आहेत.

विक्री

किंमत काढताना पोलाद, कापणी, हीट ट्रीटमेंट, प्रयोगशाळा, लाकूड आणि तुमचे तास यांची बेरीज करा आणि तिला बाराने भागू नका, दहाने भागा. एक कापायला जातो, एखादा तपासणीत पडतो. तुमचे तास शून्य धरले तर तुम्ही दुसरी खेप करणार नाही.

घेणारे थोडे आहेत : सुळके चढणारे, जुने बोल्ट बदलणारे, बचावपथकं. पॉवर ड्रिल आल्यापासून गरज अजून कमी झाली. त्यामुळे आधी मागणी घ्या, मग खेप लावा. गिऱ्हाईक बहुतेक पुण्या-मुंबई-नाशिककडचे असणार आणि इथेच एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. गुजरातेत माल विकणाऱ्याला वार्षिक ४० लाखांपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही, हे खरं. पण माल दुसऱ्या राज्यात विकला की ती सूट नाही, पहिल्या नगापासून नोंदणी लागते. उद्यम नोंदणी (लहान उद्योगाची सरकारी नोंदणी) विनाशुल्क आहे, तीही करून टाका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादकाच्या जबाबदारीचं स्वतंत्र प्रकरण आहे, ते एकदा वाचा किंवा वकिलाकडून समजून घ्या.

प्रत्येक नगाबरोबर मराठीत एक पानाची चिठ्ठी द्या. तीत चार गोष्टी असाव्यात. हा हातोडा कातळासाठी आहे, बर्फासाठी नाही. आइस टूलसाठी (बर्फाच्या कुऱ्हाडीसाठी) ईएन १३०८९ या युरोपीय मानकाच्या चाचण्या असतात, त्यातून हा गेलेला नाही. दांड्याची दोरी हातोडा खाली पडू नये म्हणून आहे, तिच्यावर किंवा हातोड्यावर माणसाचं वजन द्यायचं नाही. दोरी इतकी लांब हवी की हात पूर्ण उंचावला तरी ती ताणली जाऊ नये. आणि ठोकताना चष्मा लावायचा, बिले देणाऱ्यानेसुद्धा (खाली दोर सांभाळणाऱ्यानेसुद्धा).

वहीत नगाच्या नंबरासमोर हीट नंबर, तीन जागांचा कडकपणा, ओढ्याची तपासणी, दांड्याचं लाकूड आणि कोणाला दिला ते लिहा. दोन-तीन वर्षांनी दांडा मोडून हातोडा परत येईल तेव्हा जुना दांडा ठोकून काढू नका. डोक्याखाली करवतीने कापा आणि भोकातलं लाकूड वरच्या बाजूला ड्रिलने पोखरून काढा. जाळून काढायचं तर मुळीच नाही, त्या आचेने टेम्पर जातो. मग पुन्हा फवारणी, पुन्हा रॉकवेल, वहीतल्या जुन्या आकड्यांशी जुळणी. आकडे जुळले आणि लाल रेघ नसली तर नवा दांडा बसवून, १०० किलोचा ओढा देऊन, वहीत तारीख टाकून परत पाठवा.